मापाचं माप

अंबडच्या कारखान्यात मी मापं तपासते.
वस्तू नव्हे, वस्तू मोजायची साधनं:
व्हर्नियर, मायक्रोमीटर, पोलादाचे चौकोनी ठोकळे
मऊ फडक्यात गुंडाळलेले.
उघड्या हातात धरले तर अंगाच्या उबेनं फुगतात,
केसाच्या कितव्याशा भागाइतके,
पण फुगतात.

प्रत्येकाला एक चिठ्ठी असते: कोणी तपासलं, कधी,
आणि ज्यानं तपासलं त्याचं माप कोणी तपासलं.
चिठ्ठी नसली की बाजूला ठेवते,
कितीही चकचकीत असो.

बारा वर्षं हेच करतेय.
तरी कलमा पढून चौथ्या महिन्यात
पाथर्डी फाट्यावरच्या खोलीत, रात्री दीड वाजता,
फोनमधल्या एका माणसाला मी रडत विचारत होते,
की माझी आई...
तो थांबला नाही. व्हिडिओच तो, थांबणार कसा.
मागे पुस्तकांची भिंत, सोनेरी पुठ्ठे,
आणि शेवटी कलौंजीचं तेल, दोन बाटल्यांवर एक मोफत.

दुसरा म्हणाला, नाव बदल, नाहीतर काहीच धरलं जाणार नाही.
तिसरा म्हणाला, अर्थ चांगला असला की झालं.
(वैजयंती. अर्थ मी दोनदा शोधला.)
चौथा ओरडत होता. उर्दू इतकं जड की
कशावर ओरडतोय तेही कळेना,
पण चूक माझीच असणार असं वाटत राहिलं.
मराठीत विचारावं तर फोन आधी
कैरीच्या लोणच्याची कृती दाखवायचा.

सफूरा बाजी मिळाल्या ओळखीच्या ओळखीतून.
वडाळ्याच्या. रात्री दहाला फोनवर अक्षरं शिकवतात.
पडद्यावर चेहरा नसतो, नुसतं पुस्तक
आणि एक बोट, हळदीनं पिवळं नख.
मागे कोणीतरी भांडी घासत असतं.
माझा ऐन घशातून निघत नाही. निघेल, म्हणतात.

एकदा धीर करून विचारलं: तुम्हाला कोणी शिकवलं?
वाटलं, रागावतील.
त्या खुलल्याच. मालेगावच्या उस्तानी, उस्तानींचे वडील,
वडिलांचे उस्ताद, अशी सात-आठ नावं,
दोन ठिकाणी अडखळल्या
आणि इथे मला नीट आठवत नाही, असं म्हणाल्या.
मी वहीत लिहून घेतलं.
चिठ्ठी होती.

मग माझा प्रश्न काढला:
आईनं देवापुढे ठेवलेलं मला वाढलं, तर?
बोट पानावर थांबलं.
"हे मला नक्की ठाऊक नाही. मी अक्षरं शिकवते.
ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारून शुक्रवारी सांगते."
आणि फोन ठेवता ठेवता,
"आईकडे शेवटची कधी गेली होतीस?"

तेलवाल्यानं नव्हतं विचारलं हे. कोणीच नव्हतं.

शुक्रवार यायच्या आत चंपाषष्ठी आली.
मखमलाबादला बागांतून घड विरळायची कामं चालली होती.
भाजलेल्या वांग्याचा वास पार रस्त्यापर्यंत.
आत तळी भरायची गडबड,
मी दारात, चप्पल काढू की नको अशी.
आई बोलली नाही. आत गेली,
झाकलेली ताटली घेऊन आली,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"नैवेद्य दाखवायच्या आधीच तुझं काढून ठेवलंय.
गार झालं असेल."

भरीत, रोडगा, कांद्याची पात.
मीठ कमी होतं. तिचं कायमच कमी असतं.

शुक्रवारी बाजींनी उत्तर आणलं, कोणाचं ते नावासकट.
मी सगळं ऐकलं, लिहिलं.
मग ताटलीचं सांगितलं.
बराच वेळ पडद्यावर नुसतं बोट.
"तुझ्या आईला हे कोणी शिकवलं?"
ठाऊक नाही, म्हटलं. विचारून सांगते.

मग पुन्हा ऐनवर आलो.
अजून निघत नाही.