पिवळी ओळ

टिळकवाडीतल्या भाड्याच्या खोलीत पंखा बंद ठेवून
(कागद उडतात)
मी आकडे धूत बसले आहे.
खानापूर तालुका, रानातल्या शाळा, दोनशे चौदा मुलं.
यंत्र एका जागी अडतं, ओळ पिवळी करतं:
हे मूल दोनदा आलंय.

धोंडूबाई जानू झोरे, मराठी शाळा, चौथी, जन्म एक जून.
धोंडव्वा जानू झोरे, कन्नड शाळा, चौथी, जन्म एकतीस मे.
वजन दोन्हीकडे एकवीस किलो.
ते बदलायचं कुणाला सुचलं नाही.

जांभोटी सोडली की कणकुंबीच्या अलीकडे
एक चढ लागतो, जीप अर्ध्यावर हार मानते.
वर दोन शाळा, मध्ये एक भिंत,
घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा मात्र एकच.
भरताना नाकाडी गुरुजी वाजवतात,
सुटताना अंगडी मॅडम.
इकडे नऊ, तिकडे नऊ.
पट दहाच्या खाली गेला की कुलूप,
तसं पत्र आलंय, कन्नडमधून.
मॅडमनीच ते गुरुजींना वाचून दाखवलं.
मग दोघं ओट्यावर
चहा निवेपर्यंत गप्प बसले असणार.

दहावी ती.
दुपारपर्यंत मराठी,
भात खाऊन भिंतीला वळसा घातला की कन्नड.
दोन नावांची दोन अंडी. एक खाते,
दुसरं कंपासपेटीत, धाकट्या बिरूसाठी.

मी विचारलं होतं, तुझी भाषा कुठली गं?
प्रश्न सतरा. एकाच चौकोनात खूण करावी.
"म्हशीसंगं, का मास्तरासंगं, का बाईंसंगं?"
मी अठरावा प्रश्न वाचला.

नियम साधा आहे: एक ठेवा, एक पुसा.
सरांचा निरोप: सोमवारी फाईल स्वच्छ हवी.

साडेअकराला मी ओळ पुसली.
त्या चढावर एकोणीस मुलं. बरोबर.
कुठल्या तरी एका दारावर कुलूप.
कुठल्या, ते मी पाहिलं नाही,
कर्सर जिथं होता तीच पुसली होती.

मग परत आणली.
फक्त पिवळा रंग काढला.

आता कुणी पकडलंच तर वजनावरून पकडेल.
एकवीस, एकवीस.
एकीचं बावीस करावं का,
बोट अजून कळीवरच आहे.
दोन्ही अंडी तिनंच खाल्ली असती
तर तेवढं वाढलंच असतं की.