रिकाम्या घरांचा हिशेब

खानापूरच्या शाळेत तो पत्रा अजून आहे,
प्रयोगशाळेच्या दारामागे, खिळ्यावर किंचित तिरका.
मागच्या अंगाला पुसट हिरवं: शिवलीला कौले व विटा,
वर कानडी, खाली मराठी, मध्ये गंजाचा पट्टा.
पुढच्या अंगाला बाबांच्या हातची आवर्तसारणी.

साल चौऱ्याहत्तर. हलगेकर सर सायकलवरून आले,
कॅरियरला पुठ्ठ्याची नळी.
बाबांनी कागद उलगडला, सुलटा धरला, पुन्हा उलटा.
"अक्षरवारी लावा की, मास्तर. पोरांना लौकर गावंल."
सर म्हणाले, लंडनच्या सभेत एकाला
हेच विचारलं होतं, टिंगल म्हणून.
आठव्या सुरात पहिला परत ऐकू येतो,
तशी त्यानं मूलद्रव्यं मांडली होती. लोक हसले.
बाबा नाही हसले. ते वेगळ्याच घोरात:
अक्षरवारी म्हणजे कुठली अक्षरं?
लोखंडाचा ल, की कब्बिणाचा क?

मग चहा. बशीत साखरेचे तीन दाणे:
लिथियम, सोडियम, पोटॅशियम,
मधल्याचं वजन दोघांच्या बरोबर मध्ये.
मग रशियातला तो दाढीवाला.
टेल्युरियम आयोडीनहून जड, तरी त्यानं अलीकडे बसवलं;
म्हणाला, वजन चुकलं असेल, वागणं चुकत नाही.
(वजन चुकलं नव्हतं. कारण निराळंच निघालं,
पण तो गेल्यावर.)
आणि जिथं कुणीच बसेना
तिथं त्यानं घर मोकळं सोडलं, येणाऱ्याचं वर्णन लिहून.

बाबा अक्षरावर पैसे घ्यायचे.
"मोकळ्या घराचं काय धरायचं?"
सरांना पटकन उत्तर आलं नाही.
अक्षर नाही, पण रेघा चार. ओळंब्यात. रंग तोच.
शेवटी ठरलं: भरल्या घराइतकंच.
तळाशी तेरा घरं मोकळी राहिली,
शाळेनं तेरांचे पैसे दिले, कुरकुरत.

मी उद्यमबागेत फौंड्रीच्या लॅबमध्ये असते.
ओतीव लोखंडाचा तुकडा घासायचा, ठिणगीखाली धरायचा,
पडद्यावर आकडे: कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक.
भट्टीवरचे इराप्पा ठिणगी बघून आधीच सांगतात.
बहुतेक वेळा जुळतं. नाही जुळलं तर ते मशीनला शिवी देतात.

तेरापैकी नऊ घरं हळूहळू भरली,
आधी सरांच्या सांगण्यावरून, मग नव्या बाईंच्या.
सोळा साली उरलेल्या चारांची नावं आली.
बाबांचा हात तेव्हा थरथरायचा. ब्रश मी धरला,
ते स्टुलावर बसून पट्टी धरून.
"गावांची नावं दिसूलैत की गं."
तीन ठिकाणांची, एक माणसाचं, मी म्हटलं.
दोन वर्षांपूर्वीच आमच्याकडचे सगळे बोर्ड
बेळगावचे बेळगावी झाले होते.
ते काम फ्लेक्सवाल्यांनी नेलं.

एकशे अठरावं घर वाळत होतं.
बाबा बराच वेळ पत्र्याकडे बघत राहिले,
शेजारी कुणी नवीन राहायला यावं तसे.
"सगळी भरली? मग आता?"
माझ्या हातातून ब्रश घेतला
आणि खाली, गंज चढलेल्या कडेला
चार रेघा ओढल्या. वाकड्या आल्या. पुसू दिल्या नाहीत.

बाईंनी बिल मागितलं.
मी लिहिलं: घरं चार.
बाबांनी चष्मा लावला,
चार खोडून पाच केलं.