तीन रूपं

सहावीतल्या सईनं वही पुढं सरकवली:
गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन.
आणि खाली एका ओळीत
कट, कट, कट.
"हितं चुकलंय तुझं," मी म्हणालो.
"नाही पप्पा. हे बदलतच नाही.
काल केलं तरी कट, आज केलं तरी कट."

मी डाव्या हाताच्या बोटाकडं बघितलं.
म्हणजे ते जिथं असायला पाहिजे, तिथं.

बाईंनी सांगितलंय, घरातली वाक्यं लिहा.
तिनं लिहिलं, आई भाजी कट करते.
आपल्यात भाजी चिरतात, मी म्हणालो,
कलिंगड कापतात, ऊस तोडतात,
सुपारी कातरतात, नखं काढतात.
केसांची मात्र कटिंग. तिथं आपण हरलो.
ती म्हणाली, एवढे शब्द कशाला?
त्यांचं एकात भागतंय की.

भागतं.
उद्यमनगरात आमचं अकरा वर्षं त्या एकावरच भागलं.
लेथवर जॉब चढवायचा, टूल टेकवायचं,
मागून दस्तगीर ओरडणार,
"पाव एमएमचा कट घे भावा, जास्ती नको,
लोखंडाला बी जीव असतोय."
दस्तगीर शिकलगार. टूलला धार लावावी तर त्यानंच.
ठिणग्या उडायच्या तेव्हा
त्या कोंदट शेडमध्ये त्याची दाढी तेवढी उजळायची.
लाईट गेली की शटर अर्धं ओढून
दोघं कोपऱ्यावरच्या मिसळीला.
पोऱ्या पातेलं घेऊन उभा, "कट वाढू?"
(हा इंग्रजीतला नव्हे सई, हा लिहू नको.
"मग कुठला?"
मला काय माहीत. पातेल्यातला.)

बोट गेलं त्या दिवशी मशीन त्यानंच बंद केलं.
बोट रुमालात, रुमाल त्याच्या जेवणाच्या डब्यात,
मी मागं, एम-एटीवर,
दसरा चौकातनं सीपीआरपर्यंत
याला कट मार, त्याला कट मार,
सगळ्या गावाच्या शिव्या खात.
डॉक्टर म्हणाले, बसणार नाही.
त्या डब्यातनं तो परत कधी जेवला नाही.

हे सगळं सईला सांगितलं.
पुढचं नाही सांगितलं.
एक लॉट रिजेक्ट झाला. धार चुकली म्हणालो मी.
त्याच्या वाट्यातनं बावीस हजार कट केले.
विचारलं नाही. वहीत लिहून टाकलं, तांबड्या पेनानं.
तो काही बोलला नाही.
ग्राइंडर तेवढा हातगाडीवर घालून घेऊन गेला.
ईदला त्याचा फोन यायचा. मी कट करायचो.
मग यायचा बंद झाला.
एकदा रंकाळ्यावर समोरनं आला, बरोबर बायको.
मी गाडी अशी वळवली
की भेळवाला सुद्धा बघत राहिला.

"पप्पा, भूतकाळातलं एक वाक्य पाहिजे."
लिही, आय कट हिज मनी.
तिनं लिहिलं. पेन्सिल चावली.
"पण हे आत्ताचं का तेव्हाचं, कळत नाही.
पुढं यस्टरडे लावू?"
यस्टरडे नको.
"मग काय लावू?"
नऊ वर्षं कशी लिहितात ते तिला येत होतं.
मला ऐकवत नव्हतं.

अंगणात आलो. नंबर अजून पाठ होता,
नऊ बोटांना सुद्धा.
रिंग वाजली. वाजली. वाजली.
उचलला.
पलीकडं ग्राइंडर, लोखंडाचा तोच किंचाळता आवाज,
आणि मी तोंड उघडायच्या आत
त्यावरनं त्याचा चढलेला आवाज:
"थांब, मशीन बंद करतो.
कट करू नको."