बॉनेटची तार

शिरोड्याच्या मिठागरांपाशी काटा लाल रेषेला टेकला.
गाडी बाजूला घेतली, खाली वाकून खटका ओढला.
खटका हातातच आला,
मागे वीतभर तार,
शेवग्याच्या वाळक्या शेंगेसारखी.

खारं वारं इथे काय काय खात नाही.
बिजागऱ्या, सायकलची चेन,
आमच्या पाटीवरच्या ‘आरोग्य’मधला आ.
उरलं ते रोग्य केंद्र.

मागच्या सीटवर थर्मास, त्यात सव्वीस थुंकीचे नमुने,
बाराच्या आत वेंगुर्ल्याला पोचायला हवेत.
बॉनेटखाली पाणी उकळतंय, सीटवर बर्फ वितळतोय,
मधोमध मी, आरोलकर, लॅब टेक्निशियन.
बॉनेटला आधी विनंती केली.
मग बुक्का मारला.
मग फटीत पान्हा घातला आणि रंगाचा टवका उडवला.

बस्त्यांव चालत आला, कानावर अर्धी विडी,
मागे त्याची फिलू, शाळेच्या निळ्या फ्रॉकमध्ये,
आज तिला ताप आहे असं शाळेला वाटत होतं.
त्याने गाडीभोवती एक फेरी मारली,
बाजारात म्हैस बघतात तशी.
“जोर केल्यात?”
“थोडासा.”
“दिसता.”
आणि विडी पेटवली. “तिका वायच निवांक दी.”
बर्फाचं काय, हे मी त्याला सांगितलं नाही.

विडी संपल्यावर माझी छत्री मागितली,
तिची एक काडी मोडून घेतली, विचारलं नाही.
दाताने टोक वाकवलं. गळ झाला.
“आता तुमी बॉनेट दाबा.”
मी म्हटलं, उघडायचंय.
“होय तर. म्हणानच दाबा.”

टॉवेलची घडी ठेवून तळवे टेकले
आणि अंगातला सगळा भार खाली दिला.
फिलूचा हात ग्रिलमधून आत गेला, कोपरापर्यंत.
डोळे समुद्राकडे, म्हणजे कशाकडेच नाही.
“गावला?”
“ना.”
“काय लागता?”
“स्प्रिंग. मगे कायतरी गुळगुळीत. हालता.”
“ताच. वढू नको, ढकल.”

मी दाबत होतो, आणि मला नमुन्यांतली माणसं आठवत होती:
आसोलीचा रिक्षावाला,
टांकची पोरगी, जी खाकरायला लाजली
आणि दोनदा नुसती लाळच देऊन गेली.

टक्.

इतका बारीक आवाज, की आधी हातांना कळला.
मी हात सैल केले,
पत्रा त्यांच्या मागोमाग वर आला.

वाफ. मग उन्हात उघडं इंजिन,
बॅटरीवर उंदराने जमवलेली सुपारीची सालं,
आणि त्यांत माझा दहाचा पान्हा,
जो गेल्या दिवाळीत हरवला होता,
ज्याच्यासाठी मी मनात बस्त्यांवचं नाव लिहून ठेवलं होतं
आणि तेव्हापासून सावंतवाडीचा मेकॅनिक धरला होता.
बस्त्यांवने तो उचलला, पुसला, माझ्या हातात दिला.
“तुमचो.”
एवढंच.

आतल्या कडीला त्याने जाळ्याचा हिरवा दोरा बांधला,
ग्रिलमधून बाहेर काढून टोकाला गाठ मारली.
नवी तार मिळेपर्यंत, म्हणाला.
पैसे पन्नास, त्यातून छत्रीचे वीस वजा.

वेंगुर्ल्याला पोचलो, बाराला दहा कमी.
बर्फ होता, बोराएवढा.
सव्वीसपैकी चार निघाले. टांकची पोरगी त्यात नव्हती,
पण लाळेवर कोण भरवसा ठेवणार,
तिला परत बोलावलंय.

दोरा अजून तिथेच आहे.
सावंतवाडीला तीनदा जाऊन आलो, तार आणली नाही.
गाठीत बोट घालून कुणीही माझं बॉनेट उघडू शकतं.
फिलू शाळेत जाताना, ज्या दिवशी जाते त्या दिवशी,
केंद्रापाशी थांबून हलकेच ओढून बघते.
टक्.
मी सूक्ष्मदर्शकावरून मान वर करतो.
ती गेल्यावर बाहेर जातो,
आणि दाबून बंद करतो.