विलंबाचे कारण

हेमांगीने चिठ्ठी दिली, ठळक मोठ्या अक्षरात,
पेशंटच्या उशाशी लावतात तशी:
अल कुसैसला चढायचं. युनियनला उतरायचं. तिथून लाल लाइन.
टॉवर बघताना मान फार मागे टाकायची नाही.
डबा मेट्रोत उघडायचा नाही, दंड आहे.
सहा दहाला हॉस्पिटलची व्हॅन आली,
ती चढली, मी सवयीने हात वर केला
आणि व्हॅन सुटली.
दुबईतली पहिली गाडी माझ्या हातून वेळेवर गेली.

एकतीस वर्षं देवरुख डेपोत वाहतूक नियंत्रक होतो.
माझ्या सहीशिवाय साखरप्याची गाडी हलत नसे.
ड्रायव्हर चहाला गेला, ड्रायव्हर दाढीला गेला,
ड्रायव्हरच्या सासुरवाडीत कोंबडा कापला,
सगळी कारणं मला पाठ.
इथे गाडी आली आणि तिला ड्रायव्हरच नव्हता.
पुढच्या काचेपर्यंत गेलो, खात्री करायला.
नव्हता.
नुसते रूळ येत होते, पोटाखाली जात होते.
भांडायचं कुणाशी मग?

तेवढ्यात गणवेशातली एक मुलगी आली,
जमिनीवरची गुलाबी रेघ दाखवून हसली:
हा डबा बायकांचा.
मी! ज्याने जन्मभर बाप्यांना उठवलं
'महिलांसाठी राखीव'वरून, पाटीवर बोट ठेवून.
कान तापले. माफी मागत, मागे सरकत
बाप्यांत पोचलो तोवर युनियन गेलं होतं.

बनियास स्क्वेअरला वर आलो.
ऊन, डिझेल, वेलची, मासळी, सगळ्यांचा मिळून एक वास.
समोर खाडी.
माणसं लाकडी होडीत पटापट उतरत होती,
पाठीला पाठ लावून बसत होती.
विचारलं, सुटणार किती वाजता?
होडीच्या मधल्या खड्ड्यात उभा असलेला माणूस म्हणाला,
"भरली की."

भरली की!
म्हणजे वडाप.
पाण्यावरचं वडाप, एक दिरहम सीट.
ज्यांच्याविरुद्ध मी अकरा अर्ज लिहिले,
स्टँडच्या तोंडावर गाड्या लावतात म्हणून,
तेच इथे, सरकारमान्य,
आणि त्यात मी, गुडघे जवळ घेऊन, मजेत.

त्याचं नाव मफिजुल. नोआखालीचा.
सुकाणू पायाने सांभाळतो, हाताने सुटे मोजतो.
पैलतीरी सगळे उतरले. मी उतरलो नाही.
परत ऐलतीर. पुन्हा पैल.
तिसऱ्या फेरीनंतर त्याने माझे पैसे घेणं सोडलं.
पाचव्या फेरीला मी ओरडलो, "चला चला, एकच सीट,"
आणि एक इराणी व्यापारी खरंच धावत आला.
दुपारी गूळपापडी दोघांत.
त्याने विचारलं, टॉवर पाहिला?
म्हटलं, तू?
म्हणाला, नऊ वर्षं झाली, रोज दिसतो की.
बोट केलं. धुरकट आभाळात
सुईएवढं काहीतरी.
दोघांनी थोडा वेळ बघितलं.
मान मागे टाकावी लागली नाही.

हेमांगी आठ चाळीसला आली.
ड्यूटी साडेसहाला संपते, असं ती फोनवर
सात वर्षं सांगत आली आहे.
बादलीत पाय सोडून बसली. काय काय पाहिलंत, बाबा?
मी खाडीपासून सुरुवात केली.
सतराव्या फेरीला ती बसल्या बसल्या झोपली.
पाणी निवत गेलं.

खिशातली वही काढली.
एकूण फेऱ्या सव्वीस. बिघाड नाही.
खाली ओळ आखली:
हेमांगी. निर्गमन सहा दहा.
आगमन, अपेक्षित सात, प्रत्यक्ष आठ चाळीस.
पुढचा रकाना, विलंबाचे कारण.
एकतीस वर्षं तो मी दुसऱ्यांकडून भरून घेतला, दरडावून.
पेन धरून बसलो.
मग उठून टॉवेल आणला
आणि तिचा एकेक पाय बादलीतून बाहेर घेतला.