तुरा

मरोळच्या गाळ्यात, खाली लेथ मशीन, वर आम्ही,
मी एक माणूस लिहिला.

विकतचं हत्यार परवडेना,
फुकटचं आमच्या फॉर्मपुढे गांगरायचं,
म्हणून मुकादम म्हणाले, तूच बांध.
बांधलं. सात महिने लागले.

आधी त्याला डोळे दिले : बटण शोध.
मग बोट. मग थांबणं.
थांबण्यातच निम्मे दिवस गेले.
पाच सेकंद थांब म्हटलं, तर पाचच थांबायचा,
पान उघडो न उघडो, सांगकाम्या.
मग लिहिलं : दिसेपर्यंत थांब.
पागधरेंची तेजल म्हणाली, हे आमच्या घरी पण बसवून दे.

नाव ठेवलं गणू चाचणे.
रक्तगट बी, पत्ता खोटी गल्ली, कुर्ला.
रात्री दोनला उठतो, इस्पितळाची वेळ घेतो,
हाडांची, कानाची, हृदयाची,
चारशे बारा वेळा आजारी पडून
सकाळी ठणठणीत.
विमान उतरताना आमच्या काचा थरथरतात.
यादी मात्र वरपासून खालपर्यंत हिरवी.

मार्चमध्ये पत्र आलं. कागदाचं, पोस्टानं, गोराईहून.

‘गुडघ्यासाठी वेळ घ्यायला बसले.
तुमचं मशीन म्हणतं, आडनाव चुकीचं आहे.
लग्नाला एकोणसाठ वर्षं झाली, मी हेच लावते.
डीच्या डोक्यावर जो छोटा तुरा आहे
तो काढला तर चालेल, असं नातू म्हणतो.
मला नाही चालणार.
फिलोमिना डिमेलो.’

मी फाइल उघडली.
केस क्रमांक सत्त्याऐंशी :
नावात चिन्ह आलं तर नाकारावं.
लिहिणारी मी.
आणि ती पास होती.
दीड वर्ष, रोज रात्री,
गणू दारात एक तुरेवाला नेऊन उभा करायचा,
दार लागायचं,
आणि आम्ही हिरवी खूण करायचो.
प्रश्न मीच काढलेले, पेपर मीच तपासलेला.

सत्त्याऐंशी खोडली. नवी लिहिली, दुरुस्तीच्या आधी,
आणि चालवली.
लाल.
लाल बघून इतकं बरं
मला आजवर वाटलं नव्हतं.

आता गणूचं आटोपलं की
ती उठते, दोन वाजून सोळा मिनिटांनी.
तिला मी घाई लावलेली नाही.
एक अक्षर, मग चष्मा सापडेपर्यंत थांबणं, मग दुसरं.
मुकादम म्हणतात, या एका बाईपायी
सगळी फेरी चाळीस सेकंदांनी लांबली.
लांबू दे.

एक केस अजून कधी पास होते, कधी नापास,
कारण सापडत नाही. ते राहिलंच आहे.

उत्तर मीही कागदावर पाठवलं :
गुरुवार, पावणेअकरा, हाडांचे डॉक्टर,
साडेआठची बोट धरा.
पाकिटावर इंग्रजीत नाव घातलं, डिंक लावला,
आणि बघते तर तुरा राहिलेला.
मग पेन घेऊन
वरून काढला.