रानपांघरूण

आई तळ्याकडची, बाबा रानाकडचे.
लग्नात म्हणे दोन्ही वऱ्हाडांनी
आपापल्या भुताची बढाई मारली होती.

हौकीयार्वीच्या धक्क्याखाली नॅक्की राहतो.
समोरून देखणा, केस विंचरलेला,
पाठीमागून नुसती शेवाळाची गोणी.
पोहण्याआधी आई आम्हाला रांगेत उभं करी,
एकेकीच्या हातात टाचणी देई.
टाचणी पाण्यात, मग मोठ्यानं:
"नॅक्की काठावर, मी पाण्यात!"
आणि निघताना, दातांवर दात वाजत असले तरी:
"मी काठावर, नॅक्की पाण्यात!"

सैमी एकदा दुसरी ओळ विसरली.
रात्रभर आई उंबऱ्यात बसून राहिली,
मांडीवर सुरी. "तो अजून बाहेर आहे."
सकाळी सैमीला धक्क्यावर नेऊन
शिळं वाक्य म्हणायला लावलं.
मगच चुलीवर कॉफी चढली.

बाबा हसायचे. पाण्यातल्या कुणाला ते भीत नसत.
चाळीस हिवाळे लाकडं तोडली,
अस्वलालाही एकेरीत बोलायचे.
फक्त एका गोष्टीचं नाव काढताना
आवाज खाली यायचा:
रानपांघरूण.

चकवा नव्हे. चकव्यात माणूस फिरत राहतो,
पहाटे स्वतःच्याच पावलांपाशी येऊन रडतो.
इथे माणूस थांबतो.
पाखरं गप्प होतात,
वारा असतो, पण पानाला कळत नाही,
आणि रान हलकेच त्याच्यावर काहीतरी ओढतं,
तापल्या पोरावर ओढावं तसं.

मी शाळेत जायला लागले त्या सप्टेंबरात
बाबा लिंगोनबेरी आणायला गेले
ते तीन दिवस आले नाहीत.
गावातले अकरा जण, दोन कुत्री,
चर्चची घंटा तासातासाला.
चौथ्या सकाळी सापडले, सौनाच्या मागे,
दोनशे पावलांवर. बादली भरलेली.

"सगळे दिसत होतात," म्हणाले.
"हाका ऐकू येत होत्या. ओ देता येत नव्हती.
तो विल्पू तर माझ्यावर बसून
पाइप ओढून गेला,
म्हणाला, बुंधा चांगला कोरडा आहे."

विल्पू मरेपर्यंत शपथेवर सांगायचा, बुंधाच होता.
पण बाबांच्या विजारीला
गुडघ्यावर जळकं भोक होतं.
आईनं ते रफू केलं नाही.

"मग सुटलात कसे?"
"कोट उलटा घातला. डावा बूट उजव्या पायात.
रानाची ओळख चुकते मग.
त्याला वाटतं, हा दुसराच कुणी."

आता कायानीच्या वृद्धाश्रमात, खोली नऊ,
बाबा खिडकीशी बसलेले असतात.
हाक मारली की डोळे माझ्याकडे वळतात
आणि माझ्यातून पलीकडे जातात.
डॉक्टरांनी याला एक लांबलचक नाव सांगितलं.
मी लिहून घेतलं. चिठ्ठी हरवली.
मला नाव आधीपासून माहीत होतं.

गेल्या गुरुवारी पार्किंगमध्येच
मी कोट उलटा केला. अस्तर फाटकं निघालं.
बुटांची अदलाबदल केली
आणि लंगडत लिफ्टमध्ये शिरले.

नर्स हिब्बोनं आधी बूट पाहिले, मग मला.
तिच्या गावी, सोमालियात, काय करतात कोण जाणे,
पण ती हसली नाही. सारं ऐकून घेतलं
आणि म्हणाली,
"हरवलेत ते. मग कोट तुमचा का उलटा?"

हे मला सुचलंच नव्हतं.

आम्ही दोघींनी मिळून त्यांचा स्वेटर काढला,
एक हात, मग दुसरा, मग डोकं,
आणि उलटा करून घातला.
सपाता बदलल्या.
बाबा निमूट. लहान मुलासारखे हात वर.

बराच वेळ काही नाही.
कॉरिडॉरमध्ये कुणाची तरी ट्रॉली गेली.
मग त्यांचं बोट शिवणीवरून फिरू लागलं,
खाली, वर, पुन्हा खाली,
आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्यापाशीच थांबून.

"बादली कुठाय?"

"भरलेली आहे," मी म्हणाले. "सौनाच्या मागे ठेवलीय."

त्यांनी मान डोलावली,
आणि पांघरूण पुन्हा ओढून घेतलं,
या वेळी स्वतःच्या हातानं.